दुसऱ्या गिअरचा गचका

माझे पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात नव्या मोटारसायकली चालवून बघायचं काम करायचे. आता निवृत्त झालेत आणि बजाजनगरात दिसेल त्याला गाडी शिकवतात, त्यानं मागितलं असो वा नसो. "गिअर असा पडावा, की मागच्याच्या हातातला चहा सांडू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण गेले काही महिने त्यांच्या जुन्या गाडीवर मागं बसलं, की चहा सोडा, बसणाराच सांडायचा.

दुसऱ्या गिअरला गचका, तिसऱ्याला त्याहून मोठा. क्लच प्लेटा बदलल्या, वायर बदलली. दोन गॅरेजवाल्यांशी भांडणं झाली, त्यातलं एक मी केलं. शेवटी मम्मीनं जाहीर केलं, गाडी भंगारात घाला. पप्पांचं तोंड एवढंसं झालं. गाडी सुटली तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल, याची मला खात्री होती. म्हणून मीच म्हटलं, मला शिकवा. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मला नोकरी लागलीच होती. गाडी रोज वापरात आली की भंगाराचं नाव कोण काढणार?

रविवारी शेंद्र्याच्या वसाहतीतले रस्ते रिकामे असतात. मी पुढं, पप्पा मागं.

"रेस सोड. आता क्लच दाब. आता पाय. अगं हळू, दार हाय का लाथ घालायला? आता क्लच सोड, दमानं."

गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली.

"गाडीच डबडं हाय, पप्पा!"

"डबडं तू हाय. चल, पुन्ना."

मग कधीतरी हाताचं आणि पायाचं जमलं. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गुपचूप पडले. मी आनंदानं ओरडले आणि लगेच गप्प झाले. मला, कालच्या पोरीला, गचका बसत नाही. मग इतके दिवस तो येत कुठून होता?

"बघ, प्लेटा बसल्या आता," पप्पा खुशीत म्हणाले. "सरक मागं. चौथा दाखवतो."

त्यांनी दुसरा टाकला आणि माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं. मी वाकून बघितलं. त्यांचा डावा पाय गिअरवर दाबलेलाच होता.

"पप्पा, पाय काढा गिअरवरनं!"

"काढलाय की."

काढला नव्हता.

मी गाडी थांबवायला लावली आणि आधी उतरले. स्टँड लावायला त्यांनी पाय उचलला, तेव्हा चपलेखाली काहीतरी चकाकलं. स्क्रूचं डोकं होतं. "चप्पल काढा," म्हटलं, तर चप्पल निघेना. स्क्रू चपलेतून आरपार तळपायात गेला होता. मी किंचाळले. पप्पांनी वाकून बघितलं आणि शेजाऱ्याच्या पायाची चौकशी करावी तसं विचारलं, "आयला, ह्यो कवा घुसला?"

"दुखत नाय तुम्हाला?"

"नाय ना."

साखर आहे त्यांना. गोळी आठवली तर घेतात, लग्नातली जिलेबी मात्र विसरत नाहीत. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आमची गत! सगळं घर मिळून गाडीवर इलाज करत होतं. मला भयंकर राग आला, त्यांचा आला का माझाच, ते कळेना.

त्यांना मागं बसवून मी दवाखाना गाठला. वाटेत गिअर कसे पडले, देव जाणे. डॉक्टरांनी स्क्रू ओढून काढला, जखम खोलवर धुतली. पप्पांनी साधं 'स्स' केलं नाही. "काका लई धीट आहेत," नर्स म्हणाली, आणि ते चक्क फुलले. मला तिथं उभं राहवेना.

मग डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. "काका, मी पायाला टाचणी लावतो. टोचली की सांगा."

पप्पांनी डोळे घट्ट मिटले. शाळेतल्या पोरासारखे शहाणे होऊन बसले. डॉक्टर त्यांच्या पायाशी वाकले.

"टोचा की डॉक्टर," ते हसून म्हणाले. "मी भितो व्हय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. टाचणी अंगठ्यापासून टाचेपर्यंत जाऊन आली होती.