दोन पट्ट्या वरचं गाणं

साधनाचं लग्न झालं ते साल २०२३. त्याच मांडवात तिच्या थोरल्या बहिणीचा, रत्नाचा अपमान झाला. रत्ना पुण्यात जुनी इंग्रजी जॅझ गाणी गायची आणि मंचरचा पीयूष तिच्यासोबत पियानो वाजवायचा. पंगतीत तो तिच्या बापाला, गेणभाऊंना म्हणाला, "काका, पोरीला नोटेशन, कागदावर लिहिलेले सूर, वाचता येत नाहीत. नुसत्या कानावर कुठवर चालणार? मी दुसरी गायिका घेतलीय." गेणभाऊंचा घास हातातच राहिला.

मार्गशीर्षात पीयूषनं मंचरला गायिका आणि पियानोवाला अशा जुन्या जॅझ जोड्यांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला. ऐनवेळी नव्या गायिकेचा घसा बसला, म्हणून त्यानं रत्नाला फोन केला. ती लगेच हो म्हणाली. गावाहून, तळेघरहून बापाला आणून तिनं पहिल्या रांगेत बसवलं.

शेवटच्या गाण्याला आधी गाणारी एकटीच सूर धरते, मग पियानो येतो. रत्नानं ठरल्यापेक्षा दोन पट्ट्या वरून सूर उचलला. पीयूषची बोटं कागदावरच्याच पट्टीत पडली आणि अख्खं सभागृह चरकलं. कानावर नवी पट्टी त्याला सापडेना; तो चाचपडला, त्यानं कागद उलटले, शेवटी हात मांडीवर घेतले. रत्नानं गाणं एकटीनं पुरं केलं आणि त्याच्याकडे हात करून म्हणाली, "पियानोवर पीयूष!" लोक खदखदून हसले.

"असं का केलंस?" पडद्यामागे त्यानं विचारलं.

"कागद व्हता की म्होरं. वाचायचा."

एसटीत बसल्यावर गेणभाऊ एवढंच बोलले, "आज त्याचा घास अडकला. लई बरं झालं, पोरी."

गेणभाऊ नऊ फेब्रुवारी २०२४ ला तळेघरला वारले.