बिनतंबाखूची थुंकी

जन्मात मी कोणाची थुंकी झेलली नाही. ना सासूची, ना सोसायटीच्या सेक्रेटरीची. आणि आता साठी उलटल्यावर भल्या सकाळी नवऱ्यासमोर नळी धरून उभी होते. "थुंका हो, अजून थोडं."

वर्षभरापासून गुणाजी विसरायला लागले होते. किल्ल्या, माणसांची नावं, दूध आणायला निघाले की दूधच. सगळे म्हणायचे, वय झालं. यांचे थोरले भाऊ लवू भावोजी, त्यांच्या वेळीही असंच म्हणाले. पुढे त्यांना चळ लागला असं गावाने ठरवलं आणि मागच्या खोलीत कडी लावून ठेवलं. ते गेले तरी दुखण्याला नाव नव्हतं. माझ्या नवऱ्याचं मी तसं होऊ देणार नव्हते. आजार असेल तर त्याचं नाव कळलं पाहिजे, आणि यांना समजतंय तोवर कळलं पाहिजे.

अंधेरीला एका केंद्रात अभ्यास चालला होता, थुंकीवरून अल्झायमर लवकर ओळखता येतो का याचा. घाटकोपरहून मेट्रोने गेलो. तिथली डॉक्टर रुचिरा माझ्या लेकीच्या, दिशाच्या वयाची, पण बोलायला सरळ.

"काकी, लाळेतली काही प्रथिनं आम्ही मोजतो. पण हे अजून नवीन आहे. नुसतं तेवढ्यावरून आजार आहे की नाही ते सांगणार नाही. स्मरणशक्तीच्या चाचण्या, स्कॅन, सगळं जोडून बघायचं."

थुंकी मात्र उठल्याउठल्याची हवी. चहा नको, पेस्ट नको, तंबाखू तर नकोच.

"तंबाखूचं टेन्शन नाय," मी ऐटीत म्हटलं. "लेकीच्या लग्नाआधीच यांनी सोडली. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून."

आमच्या कोकणात गाऱ्हाणं म्हणजे चेष्टा नव्हे. देवासमोर सगळे उभे राहतात, एक जण मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या दिवशी गुणाजींनी शब्द दिला आणि पुन्हा तंबाखूकडे ढुंकून पाहिलं नाही.

नळी देऊन आलो. काही दिवसांनी रुचिराचा फोन. "काकी, नमुना फुकट गेला. त्यात तंबाखू आहे."

माझं डोकंच फिरलं. यांच्या शर्टाचा खिसा उलटा केला तर पुडी आणि चुन्याची डबी. दोन्ही यांच्यासमोर आपटली.

"लाज नाही वाटत? देवाला शब्द देऊन चोरून खाता?"

गुणाजी जराही गडबडले नाहीत. पुडी उचलली, चिमूटभर तळहातावर घेतली आणि अंगठ्याने मळायला लागले.

"चोरून कशाक? रोजचीच तर खातंय. मी कधी सोडलंय गो?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलताना यांचे कान लाल होतात. कान होते तसेच होते. देवाचा शब्द मोडणारा हा माणूस नव्हेच. यांनी शब्द मोडला नव्हता. यांना तो आठवतच नव्हता.

स्वयंपाकघरात नळ सोडून पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, रुचिराला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"काकी, हे फार महत्त्वाचं आहे, लिहून घेते. नमुना पुन्हा द्याल?"

"देणार म्हणजे देणारच."

कोपऱ्यावरच्या पानवाल्याला दम देऊन आले. पण मुंबईत पानवाले काय एक आहेत? आणि चोरून न खाणाऱ्या माणसावर पाळत तरी कशी ठेवायची? तेव्हा नमुन्याच्या दिवशी यांनी डोळे उघडले तसं यांना देव्हाऱ्यासमोर उभं केलं. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं म्हणे. म्हटलं, देव माझं काय करतो ते बघू. पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकरान तंबाखू सोडल्यान..."

गुणाजी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

"तो इसरलो, तरी तू इसरू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खणखणीत आवाज. गावच्या देवळात घुमायचा, तोच. यांचे हात आपसूक जोडलेले, डोळे मिटलेले. मी थांबले नाही.

"ह्येच्या दुखण्याचा नाव गावू दे! आणि नाव कायव असांदे, ह्येका कोण कडी लावन ठेवूचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपण कोणासाठी हो म्हणतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी डोळे पुसले आणि नळी पुढे केली.

"थुंका."