पाटलिणीची भाकर

"पाटलीणबाई, अंग चोरू नका," म्हणत किसनराव मापाऱ्यांनी मांजरीला पारड्यात बसवलं. पलीकडे पाच शेर चढले, सहावाही चढला. हिंगोलीच्या अडतीत तीस वर्षं धान्य मोजून त्यांचा एक सिद्धांत झाला होता : वजन भरलं म्हणजे माल उत्तम.

हकीमसाहेबांना तो मान्य नव्हता. बेचाळीसच्या उन्हाळ्यात किसनरावांच्या पायाची जखम भरेना आणि मोरीतल्या मुंग्या हटेनात, तेव्हा त्यांनी फर्मावलं, "पेशाब में शक्कर है, मापारीसाब. चार की जगह एक रोटी."

हुकूम बराबर पाळला गेला. नवऱ्याला कमी वाढणं भिकाबाईंना शोभेना, म्हणून त्या चारच भाकरी थापत राहिल्या. उरलेल्या तीन दुधात कुस्करून पाटलिणीला जात राहिल्या. अन्न वाया गेलं नाही. गोदामातल्या उंदरांचीही तक्रार नव्हती.

पोळ्यानंतर पाटलीण रांजणापासून हलेना. पाणी पिऊन पिऊन ती रोडावली, मागचे पाय टाचेपर्यंत टेकवत चालू लागली. ती ओलं करी तिथंही मुंग्या लागल्या.

"काहून येरझाऱ्या घालून राहिले? बसा की."

"माहा आजार हिला देला मी, भिके. माह्या ताटातून देला."

"भाकरीनं कुणाला काई व्हतं का?"

"मांजर काय खातं, ते सांग."

भिकाबाईंनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. किसनरावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या घरात तीन पिढ्या अंडंसुद्धा शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किसनराव खाटकाच्या दुकानावरून चारदा गेले. पाचव्यांदा थांबले.

"क्या मापारीसाब, रस्ता चुकले?"

"तराजू पाहावा म्हणलं तुमचा." त्यांनी तराजू पाहिला. तो चोख निघाला, त्यामुळे बोलणं संपलं. मग खाली पाहत ते म्हणाले, "पावशेर काळीज द्या. मांजरीला पायजे."

अडतीतले दोन हमाल तिथंच उभे होते. "मांजरीलाच ना, मापारी? आमच्याबी घरी हाये एक, दोन पायाचं!"

किसनरावांनी पुडी घेतली आणि भर बाजारातून, न झाकता, घरी नेली.

भिकाबाईंनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. ते अंगणात बसले. पाटलिणीनं काळीज हुंगलं, तोंड फिरवलं आणि सवयीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं.

किसनरावांनी चिमूटभर काळीज तोडलं, बोटाच्या टोकावर घेतलं आणि तिच्या तोंडाशी धरलं.

"खाल्लं का हो?" भिकाबाईंनी दारातून विचारलं.

"चाटून राहिली," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पुडीतली आणखी एक चिमूट तोडली.