वरच्या वाडीचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण गाण्याबजावण्याचा नव्हे. लग्नाच्या मांडवात कोकलणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यापुढे माणसं आपली गाऱ्हाणी बोलली आहेत.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. दिल्लीत बसणाऱ्या खासदारांना खेड्यातल्या माणसाचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकता यावं, म्हणजे संसदेचं काम अधिक चांगलं होईल, असा विचार करून एका परक्या देशानं मदत देऊ केली. पुस्तकं आली, शिकवणारे आले आणि आमच्यासारखी यंत्रंही आली. सदुसष्ट साली मी भोरच्या एका कचेरीत येऊन पडलो. गावोगाव जायचं, लोकांचं बोलणं फितीवर उतरवायचं आणि ती फीत दिल्लीला खासदारांच्या समितीकडे धाडायची, एवढंच माझं काम.

तेव्हा माझा तोरा काय विचारता! कचेरीतले विस्तार अधिकारी मानसिंगराव मला पंच्यात गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेऊन बसायचे. किकवीला फुलाबाई नावाच्या म्हातारीनं स्वतःचा आवाज ऐकला आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बया! ही कोन भवानी माज्यावानी बोलतीया?" सगळी चावडी हसली. ती फीत दिल्लीला पोचल्यावर तिथल्या बंद पडलेल्या विहिरीचं काम सुरू झालं, आणि लोक मला देवासारखा मान देऊ लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण मी आज बोलतोय ते वरच्या वाडीसाठी.

ही वाडी वेल्ह्याकडच्या डोंगरात, नदीच्या पलीकडे. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं, पण पावसाळा लागला की वाडीची वाटच बंद. आजारी माणूस असला तर खाटेवर पडून राहायचा, दुसरं काय? वाडीला नदीवर एक साकव हवा होता. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. याहून जास्त काही त्यांनी मागितलं नव्हतं.

चैत्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो. माहेरवाशिणीही आल्या होत्या, देवळापुढे सगळी वाडी जमली होती. मानसिंगरावांनी मला चौथऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "बोला मंडळी. ज्याला जे सांगायचं ते सांगा."

सोनबा उठले. वाडीतले सगळ्यात जाणते. पागोटं सारखं करून माझ्यापुढे बसले.

"आमचं म्हननं येकच. नदीवर साकव पायजे. पावसाळ्यात लई हाल व्हत्यात. म्या बोललो म्हंजी वाडी बोलली."

"आणखी कोणी?" मानसिंगरावांनी विचारलं.

कोणी उठलं नाही. वडीलधारं माणूस बोलल्यावर त्याच्यामागून आपण तोंड उघडायचं म्हणजे त्याचा अपमान, अशी त्या वाडीची रीत. सगळ्यांनी आपापल्या जागी माना डोलावल्या. म्हातारे, तरणे, मागच्या बायका, सगळ्यांनी. मागे ठकुबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांची लेक बाळाबाई. जत्रेला आलेली, पहिलटकरीण. नदीची धास्ती वाडीत सगळ्यात जास्त त्या दोघींना असणार. त्यांनीही माना डोलावल्या.

आणि मित्रांनो, माना डोलावल्याचा आवाज येत नाही हो!

फीत दिल्लीला गेली. ज्येष्ठात उत्तर आलं. त्यात चूक अशी काही नव्हती. एवढंच होतं की फितीवर एकाच गृहस्थांचं बोलणं आहे, ही त्यांची मागणी की गावाची, हे कळत नाही, तरी आणखी चारचौघांचं म्हणणं पाठवावं. मानसिंगरावांनी कपाळावर हात मारला. सगळी वाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. लगेच मला उचलून निघाले, पण नदीवर पोचलो तर पाणी दोन्ही काठांना लागलेलं. पलीकडे वाडीतले लोक उभे होते, हाका मारत होते. नदीच्या आवाजात एक शब्द कळेना. आम्ही परत फिरलो.

बाळाबाई जत्रेनंतर बाळंतपणासाठी माहेरीच राहिली होती. श्रावणात ती अडली. वाडीनं तिला झोळीत घालून नदीवर आणलं. पाणी उतरायची वाट बघत सगळी काठावर बसली. पाणी उतरलं नाही. बाळाबाई तिथंच गेली, आणि तिच्या पोटातलं लेकरूही.

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा वाडीत गेलो. तोच चौथरा, तीच माणसं. सोनबा या वेळी पुढे आले नाहीत. खांबाला टेकून खाली बघत म्हणाले, "ठके, तू बोल."

ठकुबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आता काय बोलू, सायेब? बोलायचं तवा म्या मान राखला. मान ऱ्हायला, लेक गेली."

मानसिंगरावांनी डोळे पुसले. सोनबांनी पागोटं उतरवून मांडीवर घेतलं. त्यानंतर एकेक जण उठला आणि बोलला. बायकाही बोलल्या. फीत संपली तरी माणसं संपेनात, तेव्हा मानसिंगरावांनी दुसरी चढवली.

दोन वर्षांनी साकव झाला. ठकुबाई त्यावरून बाजाराला येतात-जातात, असं मानसिंगराव कोणाला तरी सांगत होते. पुढं परदेशची मदत थांबली, मानसिंगरावांची बदली झाली, मला कोठीत टाकलं. उंदरांनी माझी वायर कुरतडली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, असं मी म्हणणार नाही. माझं काय, गंजलो तरी चालेल. पण तुमच्या गावात सभा भरली, तर मागच्या रांगेतल्या माणसाला नावानं हाक मारा आणि त्याच्या तोंडून ऐका. वरच्या वाडीत सगळ्यांचे आवाज मी उतरवून घेतले. एकटीचा राहिला. बाळाबाई काय म्हणाली असती, हे आता कोणालाच कधी कळायचं नाही. तिला कोणी विचारलंच नाही.