हिरो ओरडतो, पडते मी

मी एक जुनी काथ्याची गादी आहे. मुलुंडच्या एका शेडमध्ये मला भरलं, शिवलं. पण माझ्यावर कोणी कधी झोपलं नाही. मी थेट अंधेरीच्या स्टुडिओत आले. मित्रांनो, सिनेमात कोणी पडलं, की त्याचा धप्प आवाज बऱ्याचदा नंतर वेगळा काढतात. तो काढणाऱ्या शकुताई, आणि त्या जिच्यावर अंग टाकतात ती मी.

माझं तोंड कायम छताकडे. त्यामुळे आजवर मी सिनेमे नुसते ऐकले आणि मनातच प्रश्न विचारत राहिले.

यंदा एक खुनाखुनीचा सिनेमा आला. त्याचा हिरो असा ओरडायचा, की खून तो करतोय की त्याचाच होतोय, तेच मला कळेना! पाणी मागतानाही गर्जना. मार बसण्याआधी किंचाळणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. मुडदे तर इतके पडले, की माझी शिवण उसवली.

शकुताई मात्र जीव ओतत होत्या. लेक नेमकं काय काम करते, हे त्यांच्या आईला, वनमालाबाईंना, कधी उमगलंच नव्हतं. या सिनेमाला म्हातारी येणार होती. शेवटी हिरो मेलेल्या भावाशेजारी बसतो. तिथे शकुताई माझ्यावर इतक्या हळू टेकल्या, की मलाच गलबलून आलं.

"निहार, इथे त्याचं रडणं काढ ना," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "नुसतं बसणं ऐकू दे."

"काय बोलतेस ताई! हिरो माझी वाट लावेल."

सिनेमा घाटकोपरला लागला. दुसऱ्या दिवशी शकुताई तोंड पाडून आल्या. म्हणाल्या, ऐन दुःखाच्या जागी हिरोने हंबरडा फोडला आणि सगळं थिएटर खो-खो हसलं. आईने एवढंच विचारलं, "तुझो आवाज खंय होतो गो?"

मग त्यांनी आईलाच स्टुडिओत आणलं. पडदा बंद ठेवला, तिला डोळे मिटायला लावले आणि त्या माझ्यावर तशाच टेकल्या.

म्हातारीने मान वळवून कान दिला. मग डोळे न उघडताच हलकेच म्हणाली, "कोणाचो माणूस गेलो गो?"

शकुताईंनी आईचा हात धरला. मला तर इतका आनंद झाला, की उसवलेली शिवणही विसरले.

मित्रांनो, आता मला काढून टाकायचं चाललंय. आवाज म्हणे तयार मिळतात. मिळू देत. पण मला बाहेर काढण्याआधी जरा गप्प राहा, आणि शकुताईंना एकदा माझ्यावर बसू द्या.