मध्यंतराची फेरी

"बाही सोड की आता, कॉलिन. मी काय पळून चाललोय?" नॉर्मन म्हणाला.

कॉलिनने बाही सोडली, दोन पावलं चालला आणि पुन्हा धरली. नॉर्मनच्या ओव्हरकोटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब झाली होती. त्याला कारण होता हा एक्केचाळीस वर्षांचा, बापाहून वीतभर उंच, पिवळी लोकरी टोपी घातलेला मुलगा. खरं तर हेदरलॉ गावच्या फुटबॉल मैदानात हरवायचं म्हटलं तरी कुणाला हरवता आलं नसतं. एका बाजूला लाकडी स्टँड, दोन्ही टोकांना गुडघाभर उंचीची विटांची भिंत, चौथ्या बाजूला कुंपण आणि त्यापलीकडे मेंढ्या. सामन्याला दोनशे माणसं आली की लोक म्हणायचे, आज गर्दी आहे.

मागून ॲलिसन येत होती, शहरातले बूट चिखलातून जपून उचलत. धाकटी असली तरी आई गेल्यापासून घरातली थोरली तीच झाली होती.

"बाबा, धाप लागलीय तुम्हाला. बसा बरं आधी."

"बसायलाच चाललोय."

गोलपोस्टसमोर क्रेग अंग गरम करत होता. क्रेग शनिवारी हेदरलॉचा गोलकीपर आणि बाकीचे सहा दिवस गावचा प्लंबर. नॉर्मनला पाहून त्याने हात वर केला.

"काय नॉर्मन, बॉयलर कसाय?"

"तुझ्यासारखाच. तापायला वेळ लावतो."

आजूबाजूचे हसले. कॉलिनही हसला, सगळे हसले म्हणून. नॉर्मन मात्र ओठांनीच हसला. त्याचं सगळं लक्ष मध्यंतराकडे लागलं होतं आणि सामना तर अजून सुरूही झाला नव्हता.

मंगळवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वयाच्या मानाने तब्येत बरी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. या 'मानाने'त काय काय बसतं ते नॉर्मनने विचारलं नाही. खाणीत आणि नंतर बसवर उभी हयात काढलेल्या माणसाला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही कळतात. मरणाची त्याला फारशी भीती नव्हती. कॉलिनचं काय, या एका विचाराने मात्र पहाटे जाग यायची आणि छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.

ॲलिसनने आपल्यापुरतं ते ठरवून टाकलं होतं. सोमवारी ती कॉलिनला शहरात घेऊन जाणार होती, कायमचीच. मागची खोली तिने त्याच्यासाठी पिवळी रंगवून घेतली होती. त्याच्यासारख्यांचं एक केंद्रही जवळच होतं. पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर नॉर्मनला भांडायला तरी सोपं गेलं असतं.

त्याचं म्हणणं वेगळं होतं. कॉलिनने इथेच, आपल्या घरात राहावं. कौन्सिलची मदतनीस पॉलीन सकाळी येतेच, संध्याकाळीही येईल, शेजारपाजारचे बघतील, शनिवारी मैदान आहेच. गेल्या रविवारी जेवताना हेच चाललं होतं.

"मैदानावर कुणाची बाही धरून जाणार तो?" ॲलिसनने विचारलं होतं.

त्यावर नॉर्मन पैज लावून बसला. येत्या शनिवारी मध्यंतराची फेरी कॉलिन एकटा करेल. केली तर इथे राहील, नाही केली तर तू ने त्याला. 

मध्यंतराची फेरी म्हणजे विशेष काही नव्हे. आपला संघ ज्या गोलवर चढाई करतो त्याच्या मागे भिंतीवर आपण बसायचं. मध्यंतराला संघ बाजू बदलतात, मग आपणही मैदानाला वळसा घालून पलीकडे जायचं. पाहुण्या गावची माणसं त्याच वाटेने इकडे येतात. येताजाता एकमेकांना दोन टोमणे मारायचे आणि पुढे व्हायचं. कॉलिन नऊ वर्षांचा होता तेव्हापासून बापाची बाही धरून त्याने ही फेरी केली होती.

तिच्यावरूनच तर सगळं बिनसलं होतं. दोन वर्षांपूर्वी ॲलिसनच्या नवऱ्याला ऑफिसातून मोठ्या क्लबच्या सामन्याची तिकिटं मिळाली आणि तिने हौसेने बापाला न् भावाला नेलं. काय ते स्टेडियम! ज्यांचे फोटो पोरं भिंतीवर लावतात ते खेळाडू वरून मोहरीएवढे दिसत होते आणि साठ हजार माणसं मान वर करून पडद्यावर सामना बघत होती. पडदाच बघायचा तर घरचा टीव्ही काय वाईट होता, असं नॉर्मनच्या मनात आलं, पण पोरीच्या उत्साहावर पाणी नको म्हणून तो गप्प राहिला. खेळ मात्र देखणा होता, यात वाद नाही. इतका देखणा की ओरडून काही सांगावं असं वाटेचना, आणि सांगितलं तरी ऐकणारं कोण होतं?

मध्यंतर झालं. नॉर्मन लघवीच्या रांगेत असताना कॉलिन खुर्चीतून उठला आणि चालू लागला. मध्यंतर झालं की पलीकडे जायचं असतं. जिने आले, दारं आली, मग केशरी जाकिटातली माणसं आली. ती म्हणाली, तिकीट दाखवा, आपल्या जागेवर जा. हा म्हणाला, पलीकडे. कुणीतरी त्याचं मनगट धरलं. कॉलिनला अनोळखी हात सहन होत नाही. सामना संपून माणसं पांगली तेव्हा तो एका बिनखिडकीच्या खोलीत सापडला, घसा बसलेला आणि पँट ओली. याला एकटं सोडायचं नाही, ही ॲलिसनने त्या दिवशी मनाशी बांधलेली गाठ. चूक कॉलिनची नव्हती, असं नॉर्मनचं मत. पण त्या दिवशी तो स्वतःच इतका घाबरला होता की ते मत त्याने कधी मोठ्याने मांडलं नाही.

पहिला अर्धा खेळ कसा गेला ते नॉर्मनला सांगता आलं नसतं. वारा बोचरा होता, चेंडू दोनदा मेंढ्यांत गेला, लेफ्ट बॅक असलेल्या पोस्टमनला कुणीतरी ओरडून विचारलं की पत्रंसुद्धा अशीच चुकीच्या घरी टाकतोस का, आणि त्याने पळता पळता तोंडभरून उत्तर दिलं. एरवी नॉर्मन पोट धरून हसला असता. आज तो कॉलिनची बोटं बघत होता. बाहीवरची ती बोटं घट्ट, बेसावध आणि सुखी होती.

शिट्टी वाजली.

भिंतीवरची माणसं उठली. आठवडाभर नॉर्मनने पोस्टात, बारमध्ये, चर्चच्या दाराशी प्रत्येकाला गाठून सांगितलं होतं: त्याला हाक मारू नका, हात धरू नका, मागे वळून बघू नका. त्यांनी शब्द पाळला. ताकास तूर लागू न देता सगळे वाटेला लागले. फक्त इतके गुमान चालले की एखाद्याला मयत वाटावी.

"चला बाबा," कॉलिन म्हणाला.

"मी इथेच बसतो रे. तू जा."

"पलीकडे गोल होणार."

"होणार ना. म्हणून तर जा. मी इथून बघतो."

कॉलिनने बाही ओढली. नॉर्मनने त्याची बोटं एकेक करून सोडवली, आणि हे करताना त्याला स्वतःचा इतका राग आला की डोळे चुरचुरले. कॉलिन नुसता उभा राहिला. वाटेवरची माणसं लांब गेली. पलीकडून पाहुण्यांचे लाल मफलर वळणावर दिसू लागले.

"संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील तो," ॲलिसन हळूच म्हणाली. "पुरे करा ना बाबा. मला बघवत नाही."

"मग नको बघूस."

लाल मफलरवाले गाणं म्हणत जवळ आले. कॉलिनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या पडलेल्या पलीकडच्या गोलकडे पाहिलं. मग टोपी कानांवर ओढली आणि चालू लागला. उजवा हात त्याने पुढे तसाच धरला होता, बाही असते त्या उंचीवर.

तो मफलरवाल्यांत शिरला. पिवळी टोपी लाल गर्दीत दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. वाट पुढे स्टँडच्या मागे वळत होती आणि तिथलं इकडून काहीच दिसत नसे. टोपी कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

आता नुसती वाट बघायची. स्टँडच्या दुसऱ्या टोकाला माणसं बाहेर पडताना दिसत होती. पोस्टमनचा बाप आला, चर्चची ऑर्गनवाली आली, मग बराच वेळ कुणीच आलं नाही. नॉर्मनच्या मनाने केशरी जाकिटं उभी केली, मनगट धरणारा हात उभा केला. कुणी मफलरवाल्याने थट्टेने टोपी तर ओढली नसेल? मागच्या फाटकातून तो रस्त्यावर तर गेला नसेल? रस्त्यावरून लाकडाच्या लॉऱ्या जात. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

खेळाडू मैदानात उतरले. क्रेग आता याच टोकाच्या गोलमध्ये आला. दोघांमध्ये नुसती जाळी होती.

"नॉर्मन? तुम्ही इकडे कसे?" आणि मग आठवून, हलक्या आवाजात, "गेला का?"

"गेलाय. स्टँडमागे आहे. बाहेर नाही आला अजून."

शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. ॲलिसन उठली.

"मी जाते."

"बस खाली."

"बाबा, काही झालं असेल तर?"

"झालं असेल तर तुझं खरं. पण बस." नॉर्मनला आपलाच आवाज दुसऱ्याचा वाटला. छातीत कळ आली. ती ऑपरेशनवाली की दुसरी, ते त्याला समजेना.

ॲलिसन बसली नाही, पण गेलीही नाही.

क्रेग गोलच्या खांबापासून चार पावलं पुढे सरकला. तिथून स्टँडचं पलीकडचं टोक जरा तिरकं दिसत असावं. चेंडू दूर होता. तो मान वाकडी करून बघत राहिला.

"आला," तो खांद्यावरून म्हणाला. "नॉर्मन, आला बघा. पिवळी टोपी. हळू चाललाय. हातात काहीतरी—"

आणि तेवढ्यात चेंडू इकडे आला. पाहुण्यांच्या एका पोराने लांबूनच उगाच पाय घातला होता. क्रेगने उडी घेतली खरी, पण तोवर जाळी हलली होती. नॉर्मनच्या भोवतीचे लाल मफलर हवेत उडाले. पलीकडच्या भिंतीवरून क्रेगच्या साती पिढ्यांचा उद्धार झाला आणि पोस्टमनने त्यात आपली भर घातली.

क्रेग चिखलातून उठला, जाळीतून चेंडू काढायला आत आला आणि जाळीला तोंड लावून म्हणाला, "पोचला तो. भिंतीपाशी पोचला."

"तुझ्यावर गोल झाला की रे," नॉर्मन म्हणाला. 

"असले गोल मी रोज खातो," क्रेग म्हणाला आणि चेंडू मधल्या वर्तुळाकडे भिरकावून जागेवर गेला.

नॉर्मनला तेवढ्या लांबचं नीट दिसत नव्हतं. भिंत दिसत होती, भिंतीवरचा पिवळा ठिपका दिसत होता. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे खेळ बघत होते, किंवा तसं दाखवत होते.

"काय करतोय तो?" नॉर्मनने विचारलं.

ॲलिसनने डोळ्यांवर हात धरला. "चहा आणलाय त्याने. स्टँडमागच्या टपरीवर थांबला होता वाटतं. दोन कप आहेत."

"दोन?"

"एक त्याच्या हातात. दुसरा शेजारी भिंतीवर ठेवलाय."

ती नॉर्मनची जागा होती. त्या जागी आज कुणी बसलं नव्हतं.

 मग ॲलिसनने नाक पुसलं आणि समोर बघतच विचारलं, "ती पॉलीन सकाळी किती वाजता येते?"

"आठला. कधी कधी सव्वाआठ होतात. पण चुकत नाही."

"मला तिचा नंबर द्या."

"देतो."

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या लाल मफलरवाल्याने नॉर्मनचा निळा मफलर निरखला. "तुमची माणसं तिकडे गेली की सगळी. तुम्ही मागे राहिलात?"

"माझा मुलगा गेलाय," नॉर्मन म्हणाला.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि थोडं सरकून त्याला भिंतीवर ऐसपैस जागा करून दिली.

कॉलिनने इकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं. हेच तर हवं होतं, याचसाठी आठवडाभर गावाच्या विनवण्या केल्या होत्या. तरी नॉर्मनला वाईट वाटलं, अगदी लहान पोरासारखं वाईट वाटलं, आणि ते त्याने मुकाट्याने गिळलं.

"आता काय करतोय?" त्याने पुन्हा विचारलं.

ॲलिसनने पुन्हा डोळ्यांवर हात धरला. "त्याचा संपला. तुमचा उचललाय." मग म्हणाली, "पितोय."

"पिऊ दे," नॉर्मन म्हणाला. "गार होईल नाहीतर."