बंद यंत्राने दिलेली ओ

ती गेल्याचं वाचनालयात ज्या सोमवारी सकाळी कळलं, त्याच दुपारी तिचं यंत्रही बोलेनासं झालं. लोकांना एवढं पुरे होतं. आठवड्याभरात पुस्तक बदलायला येणाऱ्यांपेक्षा माझ्या बायकोला हाक मारायला येणारेच जास्त झाले.

ती तिथली ग्रंथपाल. सगळ्यांची ताई, म्हणून मी सगळ्यांचा भावोजी. मी मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं बांधतो. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण हे यंत्र काय आहे ते तिने एकदा जेवताना समजावलं होतं. पुस्तकांची यादी फार जुनी, नव्या संगणकावर ती चालेना. म्हणून तिने नव्या संगणकाच्या पोटातच एक जुना संगणक मांडला. त्याला वेगळा डबा नाही, वेगळा पडदा नाही, पण वाचनालयाच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा पत्ता आहे. पंचवीस नंबर. यादीत पुस्तकांपुढे तिचे शेरे होते. कोणत्या आजोबांना मोठी अक्षरं लागतात, कोणत्या काकू आधी शेवट वाचतात आणि मग पुस्तकात काही मजा नाही म्हणतात. अठरा वर्षांचे शेरे.

त्या सोमवारपासून देवघेवीच्या टेबलावर ही यादी उघडेना. तिथल्या बाईंनी तार काढून परत लावली, संगणक बंद करून चालू केला, शेवटी त्याला हात जोडले. मग कार्यवाह लहरीगुरूंना घेऊन आले.

हे गृहस्थ पूर्वी मोबाइलची कव्हरं विकायचे. आता लहरी ओळखायचे. त्यांनी संगणकावर तळहात धरला, डोळे मिटले आणि ताईंचा जीव नेटवर्कमध्ये अडकल्याचं सांगितलं. पुरावा म्हणून त्यांनी सर्वांदेखत तो आतला संगणक बंद केला आणि देवघेवीच्या टेबलावरून पंचवीस नंबरला हाक पाठवली. अशी हाक पाठवता येते. पलीकडे कोणी असेल तर पडद्यावर उत्तराची ओळ उमटते. यंत्र तर बंद होतं. तरी ओळ उमटली. एक नाही, चार.

ताईंनी चार वेळा ओ दिली, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मला तिथेच शंका यायला हवी होती, कारण घरी ती मला चौथ्या हाकेलाही ओ देत नसे. पण खरं सांगतो, मी रोज दुपारी गेलो. खळीचे हात पुसून रांगेत उभा राहिलो, चार ओळी वाचल्या आणि परत येऊन पुस्तकं उलटी शिवली.

गुरूंचे नियम पक्के होते. हाक जाताना कोणी खोकायचं नाही. मोबाइल पालथा ठेवायचा. मनात शंका असेल त्याने मागे उभं राहायचं; मागे गर्दी फार व्हायला लागल्यावर हा नियम त्यांनी काढून टाकला. आणि कोपऱ्यातल्या नव्या प्रिंटरला कोणी हात लावायचा नाही, कारण लहरी तिथून उतरतात.

दुसऱ्या आठवड्यात गुरूंनी निकाल दिला. ताईंना मोकळं करायचं, म्हणजे आतला संगणक कायमचा पुसून टाकायचा. गुरुवारी सकाळी अकराला. त्यानंतर वाचनकक्ष दर गुरुवारी गुरूंच्या बैठकीला द्यायचा. नवऱ्याची संमती हवी म्हणून कार्यवाहांनी माझ्यापुढे कागद ठेवला. यादीचं काय, असं मी विचारलं. नवी करू, ते म्हणाले. शेऱ्यांचं मी विचारलंच नाही. ती अडकली असेल तर सुटू दे, एवढंच डोक्यात होतं. मी सही केली.

बुधवारी देवघेवीच्या बाईंनी तिची कामाची वही माझ्याकडे बांधायला दिली. आठवण म्हणून कपाटात ठेवायची होती. शिवण तुटून पानं सुटली होती. पानं क्रमाने लावायची तर वाचावी लागतात. एका पानावर लिहिलं होतं, ‘यादी उघडत नसेल तर’. खाली पायऱ्या. आधी तार बघणे. मग आतल्या संगणकाचं नेटवर्क चालू आहे का ते बघणे. मग पत्ता बघणे. आणि शेवटी: ‘आतला संगणक बंद करून पंचवीसला हाक मारणे. तरीही ओ आली, तर त्या पत्त्यावर दुसरं कोणी बसलं आहे. शोधून उठवणे.’

मी ते तीनदा वाचलं. गुरूंचा चमत्कार तिच्या अक्षरात, दुरुस्तीची एक पायरी म्हणून लिहिलेला होता.

गुरुवारी वाचनकक्षात बसायला जागा नव्हती. गुरूंनी आतला संगणक बंद केला, हाक पाठवली, चार ओळी आल्या. त्यांनी पुसण्यासाठी माउस हातात घेतला. मी प्रिंटरकडे गेलो.

“भावोजी, त्याला हात नको,” गुरू म्हणाले. “अनर्थ होईल.”

“माझा होऊन गेलाय,” मी म्हणालो आणि प्लग काढला.

देवघेवीच्या बाईंना म्हटलं, आता मारा हाक. संगणक एक हाक चारदा मारतो; चारही वेळा पलीकडे कोणी नाही. प्लग लावला, प्रिंटर घरघरून जागा झाला, आणि पुन्हा चार उत्तरं आली. लहरींना धक्का बसला, असं गुरू सांगू लागले. पण पुढच्या रांगेतले निवृत्त पोस्टमनकाका उठून उभे राहिले होते.

“एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर,” ते म्हणाले. “पत्र टाकायचं कुठे? मी असली गल्ली सहा वर्षं सांभाळलीय.”

देवघेवीच्या बाईंना रडू फुटलं. तो प्रिंटर त्या सोमवारी खोक्यातून काढला होता, ती गेल्याची सूचना छापायला. तो पत्ता मागत होता. संगणकावर तिच्या हातची चिठ्ठी होती, पत्ता पंचवीस. ताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून बाईंनी तोच घातला. मी त्यांना म्हटलं, ती असती तर आधी हसली असती आणि मग ओरडली असती. आम्ही एक्केचाळीसला हाक मारून पाहिली. तिथे कोणी नव्हतं. प्रिंटरला तो पत्ता दिला, आतला संगणक चालू केला, आणि यादी उघडली. तेवढ्यात गुरूंना दुसरीकडच्या लहरी जाणवल्या असाव्यात. ते दिसले नाहीत.

शेवट आधी वाचणाऱ्या काकू माझ्याजवळ आल्या. “म्हणजे ताई नाही तिथे?”

“नाही.”

हे म्हणायला मला जड गेलं, पण तेच खरं आहे. ती तिथे असावी, हे मलाच सगळ्यांत जास्त हवं होतं, म्हणून तर मी सर्वांत सोपा सापडलो. आपल्याला जे फार हवं असतं, ते दोनदा तपासून घ्यावं. आणि ज्या वस्तूला हात लावू नका असं कोणी बजावतं, तिचा प्लग आधी काढून बघावा.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने करायच्या कामांची नोंद ठेवली आहे. सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे, एक सोडून: ‘यादीची नक्कल काढून बाहेर ठेवणे.’ वही मी शिवली. नक्कल अजून काढायची राहिली आहे.